गुडघ्याचं निमित्त

॥ श्री ॥

बंगळुरू,
६ एप्रिल २०२५, रामनवमी

ती. विद्याआत्यास,
देवश्रीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही सगळे धडधाकट आहोत. आशय ऑफिसच्या कामाने हैराण आहे, अक्षरा शेजारच्या मुलींकडून कन्नड शिकून आम्हालाच दटावते, आणि आज कोपऱ्यावरच्या देवळात पानक-कोसंबरीच्या प्रसादाच्या रांगेत ध्रुव तीनदा उभा राहिला. तिसऱ्यांदा पुजाऱ्यांनी त्याला नावाने हाक मारली.

फोन न करता लिहितेय त्याला कारण आहे. फोनवर तुला ऐकू येत नाही, मग बाबा शेजारी बसून माझं प्रत्येक वाक्य तुझ्या कानाशी ओरडतात. मेसेज केला तर तोही तेच वाचून दाखवणार. आजची गोष्ट बाबांनी ओरडून सांगण्यासारखी नाही, तेव्हा पत्र वाचून झालं की साड्यांखाली ठेव.

पाडव्याला मंडळात आमच्या गटाचे मंगळागौरीचे खेळ झाले. आम्ही आठ जणी. पुढारी अनुसूयाक्का, साठीच्या, त्यांचं घराणं इथे तीनशे वर्षांपासूनचं. फुगडी माझ्याकडे असते, कारण ती तू शिकवलेली आहे आणि तशी इथे कुणाला येत नाही. तर बसफुगडीच्या दुसऱ्याच उडीला मला लघवी सुटल्याचं कळलं. थांबता येईना. खेळ संपेपर्यंत नऊवारीचा काष्टा ओला झाला होता. साडी गडद जांभळी, म्हणून कुणाला दिसलं नाही. फोटोत मी सगळ्यांत मागे, स्पीकरच्या आडोशाला आहे, आणि हसते आहे.

हे आजचं नाही. अक्षरा झाल्यापासून शिंकले, खोकले, कंपनीच्या बसमागे धावले की थोडं होतंच. पॅड लावते, कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपासून पाणी पीत नाही. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात माझं कामच व्हॉल्व्ह गळतात का ते तपासण्याचं आहे. तिथे एक थेंब दिसला तरी मी माल परत पाठवते, आणि स्वतःचं हे पाच वर्षं चालवून घेतलं.

मे महिन्यापासून श्रावणाच्या तालमी सुरू होतील. मी अनुसूयाक्कांना सांगून टाकलं की गुडघा दुखतो, मला जमणार नाही. सांगितलं आणि घरी येऊन रडले. नोकरी कंपनीची, घर सगळ्यांचं. शनिवारचे ते दोन तास तेवढे माझे आहेत. ते सोडवत नाहीत गं. आई असती तर तिला विचारलं असतं. ती गेल्यावर प्रणीतला घेऊन तू आमच्याकडे राहायला आलीस, तेव्हापासून असलं सगळं तुलाच विचारत आले. बायका यावर काय करतात? तुला कधी झालं होतं का?

आणि श्रावणात ये. अकरा वर्षांत तू माझं घर पाहिलेलं नाहीस.

तुझी माया आहेच, ती कमी करू नकोस.
तुझी,
देवश्री


॥ श्री ॥

मिरज,
१५ एप्रिल २०२५

चि. सौ. देवश्रीस,
विद्याआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. पद्माकरने पाकीट हातात देताना दहा वेळा विचारलं की लेकीने बापाला सोडून आत्याला काय लिहिलं. मी सांगितलं, लोणच्याची कृती. त्याने कैऱ्या आणून टाकल्या, आता लोणचं घालणं आलं.

तू उगाच जिवाला लावून घेतलंस. मुलं झालेल्या बाईचं असंच असतं. त्यात विचारायचं काय आणि सांगायचं काय. आमच्या वेळी कुणी कुणाजवळ बोललं नाही आणि कुणाचं काही अडलं नाही. पाणी बेताने पी, बाहेर पडायच्या आधी जाऊन येत जा, साडी गडद नेस. उड्या मारायचं वय झालं तुझं. सदतीस पूर्ण होतील ना? पोरी नाचतील, तू टाळ्या वाजव.

गुडघ्याचं निमित्त बरं काढलंस. फक्त कुठला गुडघा सांगितलास ते लक्षात ठेव. लहानपणी शाळा बुडवायला तू उजव्या कानाला हात लावून निजायचीस आणि डाव्या कानात तेल घालून घ्यायचीस.

माझं येणं या खेपेस कठीण दिसतं. तिकडची थंडी मला सोसत नाही.

मुलांना पापा. कमीजास्त लिहिलं असेल तर आत्याचं म्हणून पोटात घाल.
तुझी,
विद्याआत्या


॥ श्री ॥

बंगळुरू,
११ मे २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

लोणच्याची बरणी पोचली. कृती विचारली नसताना लोणचं मिळालं, हे बरं झालं. श्रावणात थंडी कुठली गं आत्या? पण ते राहू दे, गुडघ्याचं काय झालं ते ऐक.

मी डावा सांगितला होता. दुसऱ्या दिवशी अनुसूयाक्का कसलंसं काळं तेल घेऊन हजर. स्वल्प चोळ, आठ दिवसांत सरी, म्हणजे बरा, होऊन जाईल, असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने माझा चांगला गुडघा अर्धा तास रगडला. गटातल्या श्रीविद्याने पट्टा पाठवला. केतकीने रोज सकाळी गुडघ्याचे व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. तालमीला गेले नाही तर घरी येतात, म्हणून लंगडत जाऊन खुर्चीवर बसू लागले. ध्रुवने परवा विचारलं की आई शनिवारीच का लंगडते.

शेवटी अक्का मला रिक्षात घालून जयनगरला त्यांच्या भाचीकडे घेऊन गेल्या. तिचं नाव चंदना, फिजिओथेरपिस्ट आहे. अक्का बाहेर बसल्या. चंदनाने मला उठवलं, बसवलं, एका पायावर उभं केलं, जिना चढवला, आणि म्हणाली की हा गुडघा तिच्या स्वतःच्या गुडघ्यापेक्षा चांगला आहे, तर मी खरं कशासाठी आले आहे. आत्या, मी काही ठरवलं नव्हतं. सगळं सांगून टाकलं.

तिला काही वाटलं नाही. दोन्ही बाळंतपणं कशी झाली, बाळं किती वजनाची होती, मी पाणी किती पिते, सगळं विचारलं आणि नीट तपासलं. ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे स्नायू असतात, ते बाळंतपणात ताणले जातात आणि पुढे कुणी त्यांच्याकडे बघत नाही, असं तिने सांगितलं. हे पुष्कळ बायकांना होतं, पण पुष्कळांना होतं म्हणून सोसत बसायचं असं नाही. बहुतेकींना व्यायामाने फरक पडतो. वारा आणि लघवी दोन्ही अडवून धरतो तसं आतून वर ओढून घ्यायचं, पाच आकडे धरायचं, मग पूर्ण सैल सोडायचं. शिंक आली किंवा उडी मारायची असली की आधी आवळायचं. वाटतं तेवढं सोपं नाही. मी श्वास कोंडून खांदे वर घेत होते, आणि जिथे आवळायचं तिथे काहीच होत नव्हतं.

तुझा सल्ला मी तिला सांगितला. पाणी कमी पिऊ नये, म्हणाली. त्याने लघवी जास्त जळजळीत होते आणि मूत्राशय आणखी चिडतं. गरज नसताना सारखं जाऊन येण्याचीही सवय वाईट. तिच्याकडे पंच्याहत्तरीच्या बायकाही येतात आणि त्यांनाही गुण येतो. हे मी सहज लिहिलं. तू माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतंस, हेही सहजच लिहिते.

निदान बारा आठवडे उड्या बंद. अक्कांनी बाहेर विचारलं तेव्हा चंदनाने, हिने उड्या मारायच्या नाहीत, एवढंच सांगितलं. श्रावणापर्यंत जमेल का, ते ती सांगत नाही.

रागावली असलीस तरी लिही. तुझं पत्र नाही आलं की चुकल्यासारखं होतं.
तुझी,
देवश्री


॥ श्री ॥

मिरज,
२६ मे २०२५

चि. सौ. देवश्रीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. रागावले नाही. रागवायला तोंड कुठे आहे?

हो, मला होतं. प्रणीतच्या जन्मापासून, म्हणजे त्रेचाळीस वर्षं. नऊ पौंडांचं मूल, आणि तेराव्या दिवशी मी आडावर पाणी ओढत होते. कीर्तनाला मी दाराजवळ बसते, ते कानासाठी असं सगळ्यांना वाटतं. कान तर आता गेले, दाराजवळ तीस वर्षं बसते आहे. कुणी विनोद सांगायला लागलं की मला भीती वाटते. जन्मात हे कुणाला सांगितलं नाही, तुझ्या आतोबांनासुद्धा. तुला पाणी बेताने पी म्हणून लिहिलं, कारण मी तेच करत आले. चुकीचं सांगितलं असेन तर विसर.

आता काम. तू लिहिलंस तसं आवळण्याचं मी सुरू केलं आहे. मोजायला जपाची माळ घेते, म्हणजे पद्माकरला संशय येत नाही. सकाळी एक माळ, संध्याकाळी एक माळ, एकशे आठ आणि एकशे आठ. देवाचं नाव आणि हे एकत्र चालतं का ते देवालाच विचारलं, त्याने काही हरकत घेतली नाही. पण बारा दिवस झाले, मांड्या आणि कंबर भरून आली आहे आणि उलट त्रास वाढल्यासारखा वाटतो. माळा वाढवू का? त्या मुलीला विचारून मोठ्या अक्षरात कळव.

तू मात्र सोडू नकोस. मागच्या पत्रात मी टाळ्या वाजव म्हटलं होतं, ते मी परत घेते. तुझी फुगडी मी बसल्या जागेवरून शिकवलेली नाही, अंगणात गरगर फिरून तुला शिकवली आहे, आणि तेव्हाही मला होत होतं.

उत्तराची वाट बघते. टपालवाला आला की पद्माकरच्या आधी मी दारात असते.
तुझी,
विद्याआत्या


॥ श्री ॥

बंगळुरू,
२२ जून २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुला आधी दोन ओळींचं कार्ड टाकलं होतं, ते मिळालं ना? पुन्हा लिहिते, मोठ्या अक्षरात. माळा बंद. दहा मणी. दिवसातून तीनदा. दोन मण्यांच्या मध्ये पूर्ण सैल सोडायचं. एकशे आठचं ऐकून चंदना डोळे पुसेपर्यंत हसली, आणि मग म्हणाली की अशी जिद्द तिच्या एकाही पेशंटमध्ये नाही. ते स्नायू दमले की काम करत नाहीत, म्हणून त्रास वाढला. सुरुवातीला पडून कर. आणि एकदा बाईडॉक्टरांना दाखव. अंग खाली आलं आहे का, लघवीत काही दोष आहे का, हे बघून घ्यायला हवं. यात लाजू नकोस, माझ्यासाठी जा.

एवढी वर्षं एका घरात राहून मला कळलं नाही, याचं वाईट वाटलं.

माझं बरं चाललंय. परवा शिवाजीनगरच्या बाजारात मिरच्यांच्या पोत्यांजवळ सलग तीन शिंका आल्या. तिन्ही कोरड्या. भाजीवाल्याला कळेना की ही बाई शिंकून एवढी खूश का झाली.

आणि गुडघा संपला. झालं असं की माझी फुगडी श्रीविद्याला द्यायची ठरली. ती एकदम म्हणाली, कंबर धरली आहे. मग केतकीकडे आली, तर तिचा घोटा दुखावला. मी खुर्चीवर बसून बघत होते. दोघी माझ्यासारख्याच, नजर खाली घालून बोलत होत्या. मला काय वाटलं कोण जाणे, मी उठले आणि सांगितलं की माझा गुडघा ठणठणीत आहे, उडी मारली की मला लघवी होते, म्हणून मी खोटं बोलले.

मग अनुसूयाक्कांनी श्रीविद्याला विचारलं की आता तुझी कंबर कशी आहे. ती आधी हसली, मग रडली, मग आम्ही सगळ्याच हसलो आणि हसता हसता केतकी पळत आत गेली. आठांपैकी पाच जणी निघाल्या. गटाच्या साड्या अक्कांनीच चिकपेटला जाऊन निवडल्या होत्या, आणि दर वर्षी गडदच निवडतात. आम्हाला वाटायचं, पोट दिसू नये म्हणून. अक्का म्हणाल्या की पोटाला कोण बघतंय इथे.

आता दर शनिवारी तालमीआधी अर्धा तास चंदना हॉलवर येते. कार्यक्रमाच्या मधोमध पंधरा मिनिटं सुट्टी ठेवली आहे, तेवढ्यात ज्या बाहेर राहतील त्या उखाणे घेणार. फुगडी मला परत दिली आहे, पण बसफुगडी करायची की नाही ते चंदना श्रावणात ठरवेल. ती एक झाली नाही तर माझं खेळणं अर्धवटच राहील.

तू येशील का? उत्तर नको देऊस, विचार तेवढा कर.
तुझी,
देवश्री


॥ श्री ॥

मिरज,
१३ जुलै २०२५

चि. सौ. देवश्रीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दहा मणी सुरू आहेत. बाकीचे अठ्ठ्याण्णव नुसते नामस्मरणाला ठेवले आहेत. बाईडॉक्टरांकडे जाऊन आले. अंग थोडं खाली आलं आहे, ऑपरेशनची गरज नाही, व्यायाम बरोबर आहे, चालू ठेवा, म्हणाल्या.

तिथे फजिती झाली ती सांगते. बाहेर बाकावर शेजारच्या गल्लीतल्या सोनारीणबाई भेटल्या. कशासाठी आलात विचारलं, तर मी त्यांच्या कानात हळूच सांगितलं. माझं हळू तुला ठाऊक आहे. सगळा दवाखाना ऐकत होता. आतून डॉक्टरीणबाईंनी कंपाउंडरला बघायला पाठवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण परतीच्या वाटेवर दोघी जणी मागून आल्या आणि विचारू लागल्या की ते दहा मण्यांचं काय ते नीट सांगा.

आता गुरुवारी दुपारी चार जणी आपल्या सोप्यावर सतरंजी घालून पडतात. मी मणी मोजते. पद्माकरला तेवढा वेळ भाजीला पाठवते. त्याने विचारलं की हे कसलं भजन, ज्याला आवाजच नाही. मी सांगितलं, मौनाचं.

गुण म्हणशील तर आहे. मागच्या आठवड्यात कीर्तनात मधोमध बसले. ऐकू काही आलं नाही, पण बसले.

बसफुगडी तुला जमेल. उडी मारताना श्वास कोंडू नकोस, ते मी तुला नऊ वर्षांची असतानाही सांगत होते. येण्याचं अजून नक्की सांगत नाही.

तिथल्या सगळ्या जणींना माझा नमस्कार, चंदनाला आशीर्वाद.
तुझी,
विद्याआत्या


॥ श्री ॥

बंगळुरू,
१३ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल खेळलो. हॉल भरला होता. आशय मुलांना घेऊन पहिल्या रांगेत बसला होता, त्याला आता सगळं माहीत आहे. मीच सांगितलं, आणि पाच वर्षं का नाही सांगितलंस, असं त्याने विचारलं. मग अंगणात ध्रुवबरोबर माझ्या दोरीच्या उड्या तोच मोजू लागला.

चंदनाने बसफुगडीला होकार दिला, बारा उड्यांपुरता. दुपारी मी दोन तांबे पाणी प्यायले. झिम्मा झाला, पिंगा झाला, सुट्टीत अक्कांनी असा उखाणा घेतला की मागच्या रांगेतले म्हातारे उठून उभे राहिले. मग आम्ही खाली बसलो, मी आणि श्रीविद्या. समोरासमोर हात धरले. आधी आवळ, मग उडी, श्वास सोड, असं ती मला आणि मी तिला पुटपुटत होतो. लोकांना वाटलं, मंत्र म्हणतोय.

खरं सांगते. नवव्या-दहाव्या उडीला थोडं झालं. दोन थेंब असतील. मला कळलं, आणि मी थांबले नाही. मोजत होते अक्षराचे आकडे, ती समोर उभी राहून कन्नडमध्ये मोठमोठ्याने मोजत होती. तिने वीसपर्यंत नेलं. बाराला थांबायचं मी विसरले.

फोटोत या वेळी मी मधोमध आहे. सोबत पाठवतेय, बाबांनाही दाखव. बाकी इतकंच की, तू समोर असायला हवी होतीस. तुझ्यावर रागावले नाही. पण अक्षराच्या वेळी मात्र रागावले होते. बाळंतपणाला तू येशील असं धरून चालले होते, आणि थंडीचं कारण आलं. आता राग उरलेला नाही, म्हणून लिहू शकते.

आत्या, भेटीवाचून लोभ किती दिवस टिकवायचा?
तुझी,
देवश्री


॥ श्री ॥

मिरज,
२४ ऑगस्ट २०२५

चि. सौ. देवश्रीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोटो पाहिला. पद्माकरने फ्रेम करायला नेला आहे. त्याने तुझ्या फुगडीचं फार कौतुक केलं. मधे फुगडी का बंद होती म्हणून मी त्याला तुझा गुडघाच सांगितला होता, त्याला आराम पडला का, असंही विचारलं. खरं काय ते त्याला तुझ्या तोंडून कळू दे.

तू लिहिलंस ते बरं केलंस. मलाही लिहायचं होतं. थंडी खोटी होती. अक्षराच्या वेळी मी बॅग भरली होती. प्रणीतने गाडीत बसवून द्यायचं ठरलं होतं. पण तेव्हा मला जागच येत नसे. आठवड्यातून दोनदा पहाटे उठून, पद्माकर उठायच्या आत, मी चादर धुऊन टाकत असे. तुझ्याकडे आले असते तर बाळंतिणीच्या खोलीत, तुझ्या शेजारी निजावं लागलं असतं. नवीन घर, नवीन गाद्या, जावयासमोर वाळत घातलेली चादर. मला ते धैर्य झालं नाही. बॅग रिकामी केली आणि तुला थंडी कळवली. बाळाला पहिली आंघोळ परक्या बाईने घातली, तेल तिने लावलं. तू मला पोरीसारखी, आणि तुझ्या हाकेला मी आले नाही. हे पाच वर्षं माझ्या मनात टोचत राहिलं आहे.

आता पुष्कळ बरं आहे. तरी आठ-पंधरा दिवसांतून एकदा होतं, आणि सत्तरीला ते सगळंच जाईल असं डॉक्टरीणबाई म्हणत नाहीत. पूर्ण बरी झाले की येईन असं म्हणत राहिले, तर माझं यायचं राहूनच जाईल.

म्हणून वीस सप्टेंबरचं तिकीट काढायला लावलं आहे. नवरात्र तुझ्याकडे. खालची बर्थ मिळाली आहे. सोबत पद्माकर आहे, तो चार दिवसांनी परत येईल, मी महिनाभर राहीन.

माझी गादी अक्षराच्या खोलीत घाल, आणि चादरीखाली मेणकापड अंथर. घरात नसेल तर आशयला आणायला सांग. कुणासाठी, असं त्याने विचारलं तर माझं नाव सांग.

भेटीअंती सर्व.
तुझी,
विद्याआत्या